कन्व्हर्टर पुढचा की मागचा? फोंड्याच्या काकांना उत्तर

काका,

प्रतिक्रिया वाचली. नाव न लिहिता ‘फोंड्याचा एक जुना फोटोग्राफर’ एवढीच सही केलीत आणि निगेटिव्हच्या जमान्यापासून कॅमेरा हातात असल्याचं सांगितलंत, म्हणून काका म्हणतोय. वावगं वाटलं तर कळवा. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो, पण तुमच्या खाली तिघाचौघांनी ‘काकांशी सहमत’ असं लिहून ठेवलंय. तेव्हा जरा पाय पसरून बसतो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: लेन्सच्या पुढच्या आट्यांवर फिल्टरसारखे फिरवून बसवायचे स्वस्तातले टेलि-कन्व्हर्टर, म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणारी जोडभिंगं, लावून गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावरचे आणि चोडणच्या खाजणातले (खाडीकाठच्या खारजमिनीतले) पक्षी कसे टिपता येतात, असा तो लेख होता. काकांचे आक्षेप थोडक्यात असे. दुपटीचा कन्व्हर्टर लावला की दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) प्रकाश जातो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. फोटो क्रॉप केला, म्हणजे मधला तुकडा कापून मोठा केला, की तेच चित्र फुकटात मिळतं. दोन हजारांची काच म्हणजे बाटलीचं बूड. लेखातला कैकराचा (मासे मारणाऱ्या शिकारी पक्ष्याचा, ऑस्प्रेचा) फोटो धूसर आहे, हाच त्याचा पुरावा. आणि असले लेख वाचून नवी पोरं पैसे घालवतात, त्यापेक्षा त्यांनी पैसे साठवून १५०-६०० मिलिमीटरची मोठी लेन्स घ्यावी.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यावरच उभं आहे. तुम्ही ज्या कन्व्हर्टरबद्दल बोलताय तो लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधे बसतो. १.४ पटीचा असेल तर एक स्टॉप जातो, २ पटीचा असेल तर दोन. एफ ५.६ ची लेन्स एफ ११ होते (एफ-आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). हिशेब शंभर टक्के बरोबर. मागे बसणारी ही काच म्हणजे पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८३० च्या दशकात दुर्बिणीसाठी सुचवलेल्या भिंगाचीच वंशज. लेन्सने आधीच गोळा केलेला प्रकाश ती अधिक जागेवर पसरवते. नवा प्रकाश आणत नाही, आणणार कुठून?

माझा लेख मात्र पुढे बसणाऱ्या कन्व्हर्टरबद्दल होता आणि त्याची जात वेगळी. पुढे बहिर्गोल काच, मागे अंतर्गोल: गॅलिलिओने १६०९ साली आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीची जी रचना, तीच ही. समांतर किरण आत येतात, समांतरच बाहेर पडतात, फक्त त्यांचा झोत अरुंद होतो आणि कोन मोठा होतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सच्या दृष्टीने समोर एक छोटी दुर्बीण उभी आहे. तिचं तोंड पुरेसं मोठं असेल तर एफ-आकडा हलत नाही. एफ २.८ होता, एफ २.८ च राहतो.

‘पुरेसं मोठं’ म्हणजे किती, हाच सगळा खेळ आहे. तो मूळ लेखात मी एका परिच्छेदात सांगितला होता, इथे आकड्यांनिशी सांगतो.

लेन्सची फोकल लेंथ (मिलिमीटरमधलं माप, जितकं मोठं तितका पल्ला लांब) भागिले एफ-आकडा केलं की प्रकाश ज्या भोकातून आत जातो त्याचा व्यास मिळतो. माझ्याकडे पॅनासॉनिकचा एफझेड २०० आहे, २०१२ चा. लेबलावर जुन्या फिल्मच्या हिशेबाने २५-६०० लिहिलेलं असलं तरी सेन्सर नखाएवढा, त्यामुळे खरी लेन्स ४.५ ते १०८ मिलिमीटरची, आणि शेवटपर्यंत एफ २.८. १०८ भागिले २.८, म्हणजे साडेअडतीस मिलिमीटरचं भोक. त्यापुढे १.७ पटीचा कन्व्हर्टर लावायचा तर त्याचं तोंड साडेअडतीस गुणिले १.७, म्हणजे साधारण पासष्ट-सहासष्ट मिलिमीटर तरी हवं. ऑलिम्पसचा टीकॉन-१७ हा जुना कन्व्हर्टर त्यात बसतो. ५५ मिलिमीटरचे आटे, आता बनत नाही, जुन्या बाजारात नशिबाने मिळतो. तो लावल्यावर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर तसूभर हलत नाही. करमळीच्या तळ्यावर सकाळी कन्व्हर्टर लावून आणि काढून पाहिलं, शटरस्पीड तोच.

आता हाच हिशेब डीएसएलआरला लावा. ५५-२५० मिलिमीटर ही बऱ्याच पोरांकडे असणारी लेन्स. २५० भागिले ५.६ म्हणजे जवळजवळ ४५ मिलिमीटर. ऑनलाइन मिळणारा तो २.२ पटीचा, कडेला सोनेरी अक्षरांत ‘हाय डेफिनिशन’ वगैरे मिरवणारा कन्व्हर्टर त्यावर लावायचा तर तोंड ९८ मिलिमीटरचं लागेल. माझ्याकडे आहे त्याच्या पुढच्या काचेला फूटपट्टी लावली, पासष्टच्या आत भरली. फोकल लेंथ झाली ५५०, तोंड ६५: एफ ८.५. म्हणजे एक स्टॉपहून थोडा जास्तच प्रकाश गेला. इथे तुमचं म्हणणं खरं ठरतं, मात्र तुम्ही दिलेल्या कारणाने नाही. शिवाय तो कन्व्हर्टर आपल्या काचेच्या काठापर्यंत वापरला जातो, आणि स्वस्त काचेचा काठ म्हणजे... तिथे तुमचं बाटलीचं बूड मला मान्य. काळ्या पाणकावळ्याच्या पाठीला जांभळी किनार, पांढऱ्या बगळ्याला एका बाजूने हिरवी आणि दुसऱ्या बाजूने गुलाबी, आणि चोच कुठे संपते ते देवाला माहीत.

पण गंमत पुढे आहे. तोच कन्व्हर्टर तुमच्या गावाजवळ मंगेशीला घेऊन जा. कॅमेऱ्याला किटची १८-५५ लावा, ५५ वर न्या, एफ ५.६. भोक ९.८ मिलिमीटर. गुणिले २.२ केलं तरी साडेएकवीस. म्हणजे कन्व्हर्टरच्या मधला रुपयाएवढा भागच काय तो वापरात येतो आणि मधली काच स्वस्तातली असली तरी बऱ्यापैकी काम करते. समोरच्या सात मजली दीपस्तंभाच्या वरच्या मजल्यावरच्या कमानी, चुन्याचे पोपडे, कोपऱ्यात बसलेलं कबुतर, सगळं नीट येतं. फोटोच्या कडा मऊ पडतात, रंगाची किनार कडेला थोडी राहते, पण मधला भाग स्वच्छ. आता १२१ मिलिमीटरने पक्षी टिपता येत नाहीत हे उघड आहे. मुद्दा एवढाच, की एकच काच एका लेन्सवर टाकाऊ आणि दुसऱ्या लेन्सवर कामाची ठरते. ‘स्वस्त कन्व्हर्टर चांगला की वाईट’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. कोणत्या लेन्सवर, किती एफ-आकड्याला, हे सांगा, मग बोलू.

जाता जाता मोबाईलचं. चिमट्याने लावायच्या भिंगाबद्दल दोघांनी विचारलंय. मोबाईलच्या लेन्सचं भोक जेमतेम काही मिलिमीटरचं, त्यामुळे त्याला बारकं तोंडही पुरतं. तिथे खोट असते चिमट्यात: केसभर सरकला की अर्धा फोटो पातळ. शिवाय झूम केल्यावर फोन गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि तुम्ही भिंग पहिल्यावर लावून बसलेले असता. बोटाने झाकून कोणता कॅमेरा चालू आहे ते आधी बघा. बस, यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

आता क्रॉपचं. ‘क्रॉप केला की तेच मिळतं’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला आता आरतीचं स्वरूप आलंय. १२ मेगापिक्सेलमधून १.७ पट मोठं दिसेल असा मधला तुकडा कापला तर हातात चारेक मेगापिक्सेल उरतात. पण मेगापिक्सेल सोडा, पक्ष्यावर काय पडतं ते पाहू. एफझेड २०० पूर्ण झूमवर असताना शंभर मीटरवरच्या पक्ष्याचा सुमारे १.४ मिलिमीटरचा भाग एका पिक्सेलवर येतो. कन्व्हर्टर लावला की तोच ०.८ मिलिमीटर. क्रॉप करून पिक्सेल मोठा दिसेल, बारीक होणार नाही. सॉफ्टवेअरने वाढवाल तर ते पिसं स्वतःच्या मनाने काढून देईल. छान काढतं, पण ती त्या पक्ष्याची नसतात.

याहून महत्त्वाची गोष्ट भोकाची. कोणतीही लेन्स किती बारीक वेगळं करून दाखवू शकते याला तिच्या भोकाच्या व्यासाची मर्यादा असते. दुर्बीण जितकी रुंद तितकं बारीक दिसतं. मागे बसणारा कन्व्हर्टर भोक वाढवत नाही. पुढे बसणारा वाढवतो. ३८ मिलिमीटरच्या जागी ६५ मिलिमीटरची दुर्बीण हातात येते. क्रॉपने हे होत नाही, कधीच होणार नाही. तेव्हा ‘तेच मिळतं’ हे मागच्या कन्व्हर्टरच्या बाबतीत बऱ्याचदा खरं असेल, विशेषतः तुमच्याकडे दाट पिक्सेलांचा सेन्सर आणि मध्यम प्रतीची लेन्स असेल तर. पुढच्या चांगल्या कन्व्हर्टरच्या बाबतीत ते खरं नाही. चांगल्या, असं म्हणतोय. पुढे बसणारा वाईट असेल तर क्रॉपच बरा, आणि ते लेखातही लिहिलेलं आहे.

विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळा. करमळी स्टेशन तळ्याला लागूनच आहे. फलाटाच्या टोकाचा पिवळा बोर्ड, त्यावरची काळी अक्षरं, यापेक्षा चांगला चाचणीचा तक्ता फुकटात मिळणार नाही. सकाळी लवकर जा. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, आयएसओ तोच. आधी कन्व्हर्टरशिवाय, मग लावून, मग लावून एक स्टॉप बंद करून. प्रत्येक वेळी फोकस नव्याने करा आणि दोन-तीन फोटो काढा, कारण एखादा ऑटोफोकसच्या लहरीने बिघडतोच. घरी आल्यावर कन्व्हर्टरशिवायचा फोटो १.७ पट मोठा करून शेजारी ठेवा. ‘करमळी’तल्या क चं पोट पाहा: आतली जागा पिवळी दिसते की करडी. मग बोर्डाचा खालचा काठ पाहा, तिथे रंगाची किनार लगेच कळते. माझ्या टीकॉनने एफ २.८ ला क चं पोट पिवळं राहिलं आणि एफ ४ ला काठही सुधारला. २.२ वाल्याने २५० वर पोट भरूनच टाकलं, क्रॉप त्याच्यापेक्षा स्पष्ट होता. एफ ११ ला थोडा सुधारला, पण तोवर शटर इतका उतरला की पक्षी उडून गेल्यावरच फोटो निघावा. मेन लेन्स बंद करत नेली की कन्व्हर्टरचा मधलाच भाग वापरात येतो, म्हणून हा फरक पडतो. दीपस्तंभाचीच गोष्ट उलट बाजूने.

लेखात ज्या अडचणी मी सांगितल्या होत्या त्यांचा तुम्ही उल्लेखच केला नाहीत, खरं तर तिथे टीकेला चांगली जागा होती. मीच पुन्हा सांगतो. जवळचं फोकस होत नाही. पुढच्या कन्व्हर्टरने फोकसचं किमान अंतर पटीच्या वर्गाने वाढतं. एरवी एक मीटरवर फोकस होत असेल तर १.७ ला जवळपास तीन मीटर लागतात. बांधावर पुढ्यात येऊन बसलेला खंड्या हमखास सुटतो. कन्व्हर्टर लावल्याचं कॅमेऱ्याला कळत नाही, त्यामुळे हात हलल्यावर स्टॅबिलायझर मूळ झूमच्या हिशेबाने सावरतो आणि कमी पडतो. माझ्या कॅमेऱ्याच्या मेनूत ‘कन्व्हर्जन’ असा पर्याय आहे, तो चालू करावा; काहींत नसतो, तिथे मोनोपॉड (एकपायी आधार) तरी हवा. कुंभारजुव्याच्या कालव्यात होडीतून मगर टिपायला जाल तर होडीचं इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर सगळं व्यर्थ. झूम मागे आणलं की कोपरे काळे पडतात, मग गोल खिडकीतून पाहिल्यासारखं दिसतं. कन्व्हर्टर शेवटच्या टोकालाच वापरायचा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट वजनाची. झूम करताना जी नळी बाहेर येते तिच्या टोकाला ही काच लटकवायची नाही. आतल्या मोटरचे आणि प्लास्टिकच्या दात्यांचे हाल होतात. एफझेड २०० ला कॅमेऱ्याच्या अंगावरच बसणारी वेगळी नळी मिळते, झूम तिच्या आतल्या आत हलतं आणि सगळा भार अंगावर येतो. ती नळी घेतल्याशिवाय कन्व्हर्टर घेऊ नका, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. वाचलंत ना?

कैकराच्या फोटोवर येतो. तो धूसर आहे, मान्यच. चोडणच्या खाजणात मानशीजवळच्या (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळच्या) खांबावर तो मासा फाडत बसला होता. ओहोटीची वेळ, चिखल उघडा पडलेला, सूर्य डोक्यावर येत चाललेला. तापलेल्या चिखलावरून हवा वर चढते ती नुसत्या डोळ्यांनाही दिसते, खांब पाण्यात असल्यासारखा थरथरतो. त्या हवेतून पन्नास हजारांची काच लावा की पाच लाखांची, पीस न् पीस मोजता येणार नाही. त्याच जागी, त्याच वेळी कन्व्हर्टर काढून घेतलेला फोटो मी लेखाखाली जोडला होता. तोही तसाच धूसर आहे, फक्त लहान असल्यामुळे कमी जाणवतो. लांबचा पल्ला वाढवला की हवेचाही पल्ला वाढतो, हे १५०-६०० वाल्यांनीही लक्षात ठेवावं. गोव्यात सकाळी आठ-साडेआठनंतर शंभर मीटरच्या पलीकडचं उघड्या चिखलावरचं काही टिपायचंच असेल तर हौस म्हणून टिपा. त्याच लेखात करमळीच्या अडई बदकांचे सकाळचे फोटो आहेत. डोळ्याभोवतीचं पिवळं कडं मोजून घ्या आणि मग सांगा.

राहिला पैशांचा प्रश्न. पोरांनी साठवून मोठी लेन्स घ्यावी, ही तुमची कळकळ मला समजते. पण १५०-६०० ला पैसे पडतात लाखाच्या आसपास, वर ती पेलणारा ट्रायपॉड. म्हापशाच्या बारावीतल्या पोराने तोवर काय करायचं? घरात बाबांचा जुना ब्रिज कॅमेरा (माझ्या एफझेड २०० सारखा, लेन्स न निघणारा, मोठ्या झूमचा) पडून असेल तर थोड्या पैशांत नळी आणि जुना १.७ घेऊन त्याने या हिवाळ्यात तलवार बदकं ओळखायला शिकावं, असं मला वाटतं. ज्याच्याकडे डीएसएलआर आणि ५५-२५० आहे त्याला मी २.२ वाला घेऊ नको असंच सांगितलंय, त्याने क्रॉप करावा आणि पैसे साठवावे. त्याच्यापुरते आपण दोघे एकाच बाजूला आहोत. मागे बसणारा १.४ घ्यायचा विचार असेल तर एफ ५.६ चा एफ ८ होतो आणि जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे चाचपडतो किंवा थांबतोच, हे आधी कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत पाहावं. लेन्सच्या काही संपर्कबिंदूंवर चिकटपट्टी लावून कॅमेऱ्याला फसवायची युक्ती सगळीकडे सांगतात. चालते, पण पक्षी स्थिर असेल आणि ऊन लख्ख असेल तरच. मिररलेसवाल्यांना ही कटकट सहसा नाही.

जुना माल घेणाऱ्यांसाठी एक जोड, मूळ लेखात राहून गेली होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात या काचांना बुरशी फार लवकर धरते. आतल्या दोन काचांमधल्या पोकळीत हवा असते आणि पाणी-धूळ अडवणारं रबर कुठेच नसतं. घेताना मोबाईलची बत्ती मागून तिरकी धरून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी दिसली तर फुकट दिला तरी नको. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोणीतरी हमखास देईल. तांदळाचं पीठ आट्यांत जाऊन बसतं आणि जून-जुलैत त्याच पिठावर बुरशीची सोय होते.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या कपाटात सत्तरच्या दशकातला मागे बसणारा दुपटीचा कन्व्हर्टर आणि १३५ मिलिमीटरची लेन्स आहे आणि ‘त्यातून काय निघतं ते मला माहीत आहे’. काय निघतं ते निगेटिव्हवर माहीत असेल. आजच्या सेन्सरवर बघितलंत का? त्यांचे आटे ४२ मिलिमीटरचे असतील तर मिररलेसला जोडणारी रिंग माझ्याकडे आहे. तुमची दोनपट आणि माझा १.७ असे दोन्ही त्याच बोर्डासमोर ठेवू, तुमच्या १३५ वर. ती एफ २.८ ची असेल तर १३५ भागिले २.८ म्हणजे भोक ४८ चं, १.७ ने ते ८२ मागेल आणि टीकॉनचं तोंड कमी पडणार. तेव्हा दोघांनाही एफ ५.६ वर ठेवायला लागेल, नाहीतर तुमच्यावर नाही, माझ्यावर अन्याय होईल. लेन्सच्या पुढच्या आट्यांचं माप तेवढं कळवा, त्याप्रमाणे माप जुळवणारी स्टेप-अप रिंग आणतो.